साहेबांची पिसं

ज्याला आपला वंश सांगता येत नाही, त्याच्याजवळ जगाला सांगण्यासारखं दुसरं काहीच नसतं. हे वाक्य घड्याळजी गेलं वर्षभर दर रविवारी सकाळी, पशुखाद्याच्या दुकानाबाहेर, कोंड्याच्या पोत्यावर बसून ऐकवत होते; आणि ते कोंबड्यांबद्दल होतं.

ऐकणारे तिघं. एक खाद्यवाला, कारण दुकान त्याचं होतं आणि त्याला जायला दुसरी जागा नव्हती. दुसऱ्या सिस्टर. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या या बाई आता आजूबाजूच्या सगळ्या परसांतल्या कोंबड्यांची सर्दी, जुलाब आणि उवा बघत. तिसरा वेल्डर. त्याचं घर घड्याळजींच्या घराला पाठ लावून होतं आणि चौदा वर्षांपासून दोघांच्या परसांमधल्या भिंतीत एक छोटं दार होतं. रोज सकाळी घड्याळजी दाराच्या या बाजूला बसत, वेल्डर त्या बाजूला, आणि मधल्या उंबऱ्यावर चहाचे दोन कप. समोरच्या दारांचे रस्ते वेगवेगळे असल्यामुळे कोणी कोणाकडे समोरून कधी गेलंच नाही. गरजच पडली नाही.

कोंबड्या पाळणाऱ्या माणसाचं घरात कोणी ऐकून घेत नाही. पातळ कवचाचं अंडं हा जेवताना काढण्याचा विषय नव्हे, हे त्याला लग्नानंतर लवकरच कळतं. म्हणून ही चार माणसं रविवारी जमत, भरडा घेत आणि आठवडाभराचं तुंबलेलं बोलून घेत. दिवस बरे चालले होते. मग साहेब आले.

साहेब म्हणजे कोंबडा. पण घड्याळजी त्याला एकेरीत हाक मारत नसत. सोनेरी रंग, अंगभर पिसांचे थरावर थर, पिसं थेट पायांच्या बोटांपर्यंत उतरलेली. उशीला चोच फुटावी तसा प्राणी. दोन तशाच कोंबड्यांसह तो लाकडी खोक्यातून, फार लांबून आला होता आणि त्याच्यासोबत एक छापील कागद होता. त्यावर साहेबांचे वडील, आजोबा, पणजोबा आणि खापरपणजोबा, सगळे शिक्क्यानिशी. घड्याळजींनी तो कागद काचेत बसवून दुकानात लावला. दोन भिंतीवरच्या घड्याळांच्या मधोमध. घड्याळजींच्या स्वतःच्या आजोबांचा फोटो माळ्यावर होता.

वेल्डर पहिल्यांदा बघायला आला तेव्हा बराच वेळ वाकून उभा होता.

"अरे, याला पाय आहेत का?"

"आहेत. पिसांत आहेत."

"मग चालतो कसा?"

"चालत नाहीत ते," घड्याळजी म्हणाले. "वावरतात."

वेल्डरजवळ जो कोंबडा होता त्याला कागद नव्हता. खरं म्हणजे त्याला मानही धड नव्हती. म्हणजे मान होती, पण तिच्यावर एक पीस नव्हतं. कोणीतरी सोलायला घेतला आणि मध्येच विचार बदलला, असा लालभडक गळा. तो कोणीतरी टाकून दिलेला, वेल्डरच्या गेटाशी येऊन उभा राहिलेला. दाणे टाकले की सगळ्या कोंबड्यांना छातीने मागे ढकलायचा, म्हणून त्याचं नाव कंडक्टर.

"तुझा तो कंडक्टर इकडे दिसता कामा नये," घड्याळजींनी पहिल्याच दिवशी बजावलं. "इथे आता घराण्याचा प्रश्न आहे."

"बरं," वेल्डर म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत त्याने जुन्या पलंगाच्या पट्ट्या कापून कंडक्टरसाठी वेगळं कुंपण केलं. त्याच उरलेल्या लोखंडातून साहेबांच्या खुराड्याला नवी कडीही करून दिली. हे इथे सांगितलं पाहिजे, कारण पुढे घड्याळजी ते विसरले.

साहेबांचा वंश वाढवायचा, एवढंच आता घड्याळजींच्या डोक्यात होतं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, दुकानात घड्याळं घेऊन येणारी माणसं वर्षागणिक कमी होत चाललेली. ज्याच्या हातात फोन आहे त्याला घड्याळजीची काय गरज? पण साहेबांची पिल्लं झाली असती, तर लोक आले असते. विचारलं असतं. कागद मागितला असता. पहिली अंडी त्यांनी घरच्या साध्या, खुडूक बसलेल्या कोंबडीखाली ठेवली आणि एकवीस दिवस दबक्या पावलांनी वावरायचं ठरवलं. बायकोला कुकरची शिट्टी होऊ द्यायची बंदी होती.

सातव्या दिवशी सिस्टरांनी अंधाऱ्या खोलीत अंडी एकेक करून टॉर्चवर धरली. आत शिरा दिसायला हव्या होत्या. दिसला तो नुसता पिवळा उजेड.

"रिकामी आहेत," त्या म्हणाल्या. "सगळी."

दुसऱ्या वेळीही तेच. घड्याळजींनी आधी खुडूक कोंबडीला दोष दिला, मग हवेला, मग कुकरला. सिस्टर म्हणाल्या, "कोंबडा दाखवा बरं मला. मागून बघते."

"साहेबांना मागून बघायचं नाही," घड्याळजी म्हणाले.

"अहो, मी माणसं मागून बघितलीत तीस वर्षं."

"ती माणसं होती."

सिस्टरांनी पुन्हा दोनदा विचारलं. घड्याळजी दोन्ही वेळा असे बघत राहिले, जणू त्यांच्या कुळाची बेअब्रू मागितली गेली आहे. सिस्टरांनी नाद सोडला. निवृत्त माणसाला हट्ट धरायची सवय राहत नाही.

तिसऱ्या वेळी मात्र टॉर्चवर शिरा दिसल्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या, लाल, मधोमध धडधडणारा ठिपका. घड्याळजींना त्या अंधाऱ्या खोलीत भरून आलं आणि त्यांनी नाक शिंकरण्याचं निमित्त केलं. एकविसाव्या दिवशी दुकान बंद. वेल्डरला, सिस्टरांना, खाद्यवाल्याला निरोप गेले. सगळे परसात गोळा झाले. खुडूक कोंबडी उठली आणि तिच्याखालून पाच पिल्लं निघाली.

पाचही पिल्लांच्या माना उघड्या होत्या.

लाल, चिमुकल्या, सोललेल्या. आणि खाली पायांवर, बोटांपर्यंत, मऊ पिसांचा पायजमा.

खाद्यवाल्याने एकदा पिल्लांकडे बघितलं, एकदा वेल्डरकडे, आणि मग आपल्याला दुकान उघडायचं आहे हे त्याला आठवलं. वेल्डरने ओठ घट्ट मिटून घेतले, पण त्याचे खांदे हलत होते, आणि घड्याळजींनी ते बघितलं. दुसरं काही त्यांनी बघितलं असतं तर निभावलं असतं. खांदे बघितले.

रविवार दोन दिवसांवर होता. घड्याळजींनी ते दोन दिवस राग फुकट घालवला नाही. घड्याळ उघडून सुटे भाग ताटलीत मांडावेत तसा त्यांनी तो मांडला, पुसला, आणि रविवारी सकाळी बरोबर नऊ वाजता कोंड्याच्या पोत्यापाशी घेऊन गेले.

"तू त्याला मुद्दाम सोडलास," ते वेल्डरला म्हणाले.

"नाही सोडला. कुंपणात आहे तो. येऊन बघ."

"मग काय वाऱ्याने झालं?"

"तुझ्या कोंबड्या आल्या असतील. दार उघडं असतं आपलं. मी काय राखण बसू? दिवसभर पुढे वेल्डिंगच्या कामात असतो मी."

"म्हणजे माझ्या कोंबड्या वाईट चालीच्या?"

"मी असं म्हटलं का?" वेल्डर म्हणाला, आणि आता मात्र त्याला खरंच हसू फुटलं. "अरे, कोंबड्या आहेत त्या! त्यांना कागद वाचता येत नाही."

सिस्टरही हसल्या. खाद्यवाल्याने गोणी शिवण्याचं नाटक केलं. आणि घड्याळजींच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती जिभेवर येऊन नीट, स्वच्छ, एका वाक्यात उतरली.

"ज्याला स्वतःच्या बापाचं नाव माहीत नाही, त्याला वंश म्हणजे काय हे कसं कळणार?"

रस्त्यावरून एक सायकल गेली. ती गेल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

वेल्डरला मावशीने वाढवलं होतं. बाप कोण, हे मावशीला माहीत नव्हतं की तिने सांगितलं नाही, हे त्यालाही माहीत नव्हतं. ही गोष्ट खाद्यवाल्याला ठाऊक नव्हती. सिस्टरांनाही नाही. आता दोघांनाही झाली.

वेल्डर उठला. भरड्याची गोणी घ्यायला आला होता, ती तशीच ठेवून गेला. मागून खाद्यवाल्याने हाक मारली, "अहो, गोणी!" त्याने मागे बघितलं नाही.

"बोललात," सिस्टर म्हणाल्या.

"खरं तेच बोललो."

"मी कुठे म्हटलं खोटं बोललात?" सिस्टर म्हणाल्या आणि पिशवी उचलून चालू लागल्या.

मंगळवारी घड्याळजींनी गवंडी बोलावला. चौदा वर्षांचं दार दुपारच्या आत विटांनी भरलं गेलं. वर दोन हात उंच जाळी. गवंडी म्हणाला, प्लास्टर पलीकडून पण करावं लागेल. घड्याळजी म्हणाले, पलीकडचं पलीकडच्यांनी बघावं. पलीकडे वेल्डिंगचा आवाज चालू होता. तो एकदाही थांबला नाही.

घड्याळजींचं तेवढ्यावर भागलं नाही. आपल्यावर अन्याय झाला आहे असं माणसाला एकदा वाटलं की त्याला तो कागदावर हवा असतो. त्यांनी रहिवासी मंडळाकडे तक्रार लिहायला घेतली. 'शेजारील मोकाट व बेवारस कोंबड्यामुळे' इथवर मजकूर झाला होता. बेवारस या शब्दाखाली त्यांनी रेघही मारली. सोबत पुरावा पाहिजे होता: साहेब सर्व दृष्टींनी सक्षम आहेत, असं जाणकाराचं पत्र. जाणकार एकच होती.

सिस्टर आल्या. चहा नको म्हणाल्या. "आणा," म्हणाल्या.

घड्याळजींनी साहेबांना टेबलावर ठेवलं. सिस्टरांनी चष्मा चढवला, आणि ज्या गोष्टीला वर्षभर बंदी होती ती केली: साहेबांची शेपटी वर धरून पिसं बाजूला सारू लागल्या. एक थर. दुसरा थर. तिसरा. मनगट दिसेनासं झालं.

"अहो," त्या म्हणाल्या.

"काय?"

"याची पिसं कधी कापलीत?"

"साहेबांची पिसं?" घड्याळजींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "ती पिसं म्हणजेच तर जात आहे! मी रोज ब्रश करतो."

"करा ना ब्रश. पण शेपटीखालची कापावी लागतात. या झुबकेदार जातीत कापावीच लागतात, कोंबडीची पण थोडी. नाहीतर हा नुसता चढतो आणि उतरतो. मध्ये गादी आहे, गादी! पोचणार कसं काही?" त्यांनी शेपटी सोडली. साहेबांनी अंग झाडलं आणि पुन्हा उशी झाले. "वर्षभर या बिचाऱ्याने व्यायाम केलाय फक्त."

"आणि कंडक्टर?"

"त्याच्या अंगावर पिसंच किती? त्याचं तिकीट लगेच फाटतं."

घड्याळजी तक्रारीच्या कागदाकडे बघत राहिले. मग आत ओरडले, "अगं, त्या कोंबड्या पलीकडे कधी जात होत्या?"

"दुसरी अंडी फुकट गेल्यापासून रोज अकराला," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुम्ही दुकानात गेलात की. त्याचं कुंपण बुटकं आहे, उडी मारून आत जायच्या. साडेबाराला परत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं तुम्हीच सोडता. कडी आपल्या बाजूला आहे ना दाराची." थोडं थांबून तिने दुरुस्ती केली. "होती."

सिस्टर पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "बोथट टोकाची कात्री घ्या. आणि पत्रात काय लिहू ते सांगा. मी सही करते."

आता घड्याळजींना कोणाचा राग यावा हेच ठरवता येईना. तो सिस्टरांवर धरून बघितला, बसेना. बायकोवर धरला, तिने कुकर लावला आणि शिट्टी होऊ दिली. शेवटी साहेबांवर धरला. कात्री घेऊन ते परसात गेले. डाव्या हाताने कोंबडा काखेत दाबायचा, उजव्याने शेपटी वर करायची, आणि कात्री... कात्रीला तिसरा हात पाहिजे होता. साहेब वर्षभर वावरले होते. आज पहिल्यांदा धावले. खुराड्याभोवती दोन फेऱ्या, पाण्याचं भांडं पालथं, घड्याळजींच्या मनगटावर उभा ओरखडा.

"अगं, जरा धर की याला!"

"मी नाही धरणार," बायको दारातून म्हणाली. तिच्या ओच्यात पाच पिल्लं होती. "ज्यांनी धरला असता त्यांना तुम्ही विटांत चिणलंत."

ते भिंतीपाशी गेले. चौदा वर्षं जिथे तोंड घालून बोलायचे तिथे ताजं प्लास्टर होतं. त्यांनी वर जाळीकडे बघून हाक मारली, "अरे!"

पलीकडचं वेल्डिंग थांबलं.

"अरे, ऐकतोस का?"

वेल्डिंग पुन्हा सुरू झालं.

घड्याळजींनी कात्री खिशात घातली, साहेबांना काखेत मारलं आणि घराबाहेर पडले. त्यांची गल्ली संपून मोठा रस्ता, मोठ्या रस्त्यावरून डावीकडे, मग पलीकडची गल्ली. अकरा मिनिटं. दाराने पाच पावलं लागायची. वाटेत दोघांनी विचारलं, "विकताय का?" एका बाईने लेकराला दाखवलं, "बघ, केवढी उशी!" घड्याळजींनी साहेबांना काखेत आणखी घट्ट धरलं. पलीकडच्या गल्लीत शिरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की वेल्डरचं घर समोरून कसं दिसतं, हे आपल्याला माहीत नाही. त्यांना विचारत जावं लागलं.

दार हिरवं होतं. बेल वाजत नव्हती. त्यांनी कडी वाजवली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

चौदा वर्षांत हे कधी सांगावं लागलं नव्हतं. "घड्याळजी," ते म्हणाले.

दार उघडलं. वेल्डरने त्यांच्याकडे बघितलं, काखेकडे बघितलं. वेल्डिंगचा चष्मा त्याने कपाळावर सरकवला होता. "काय काम आहे?"

"कोंबडा धरायचाय. याची मागची पिसं कापायची होती. मला माहीत नव्हतं." आणि मग, कारण तेवढ्याने होणार नव्हतं, "तुझी काही चूक नव्हती. त्या दिवशी मी रागात बोललो."

"नाही," वेल्डर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो जास्त ऐकू येत होता. "रागात माणूस काहीही बोलतो. भलतंसलतं बोलतो. तू नेमकं बोललास."

घड्याळजींनी साहेबांना दुसऱ्या काखेत घेतलं.

"मावशीचं तुला सांगितलं, तेव्हा तू डोळ्याला भिंग लावून माझंच घड्याळ उघडून बसला होतास. हूं नाही, की चूं नाही. मान वर केली नाहीस. मला वाटलं, याने ऐकलंच नाही. बरं वाटलं रे मला. म्हटलं, एकदाचं बोलूनही झालं आणि कोणाला कळलंही नाही." त्याने दाराची चौकट धरली. "पण तू ऐकलं होतंस. सहा वर्षं जपून ठेवलंस. लागेल तेव्हा काढायला."

साहेबांनी याच वेळी घड्याळजींच्या सदऱ्यावर आपला कारभार उरकला. दोघांनीही तो बघितला. दोघांपैकी कोणी हसलं नाही.

"चुकलं माझं," घड्याळजी म्हणाले.

"हो."

गल्लीत कोणीतरी शटर ओढलं. वेल्डरने हातमोजे काढून कमरेला खोचले.

"आण इकडे."

त्याने साहेबांचं डोकं आपल्या काखेत घेतलं, पंख तळव्यांनी दाबले आणि शेपटी वर केली. वितळलेल्या लोखंडापाशी आयुष्य घालवलेले ते हात. साहेब एकदम गप्प झाले. घड्याळजी वाकले आणि कापू लागले. सोनेरी पिसं हिरव्या दाराच्या पायरीवर पडत गेली. वेल्डर पूर्ण वेळ रस्त्याकडे बघत होता.

"पाचही आहेत?" त्याने विचारलं.

"आहेत. बायकोने ओच्यात घेतलीत."

"बरं."

"ती भिंत... उद्या पाडतो. गवंड्याला सांगतो."

"नको," वेल्डर म्हणाला. "राहू दे. मी सांगेन तेव्हा बघू."

त्याने कोंबडा परत दिला, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि दार लावून घेतलं. घड्याळजींनी सवयीने मनगटाकडे बघितलं. पिसं कापायला साडेतीन मिनिटं लागली होती.